यहूदा, अंकुश आणि आमचा दादा

हेब्बाळच्या तळ्यावरून बल्लारी रस्त्याने शहराकडे निघालं की मेखरी सर्कलनंतर पॅलेस ग्राउंड्सची भिंत लागते. आज तिथे लग्नांचे मांडव जास्त दिसतात. 4 एप्रिल 2003 रोजी मात्र तिथे रोलिंग स्टोन्स वाजवून गेले. त्या दिवसासाठी माझा थोरला भाऊ पुण्याहून रात्रभर प्रवास करून माझ्याकडे हेब्बाळला आला होता. वय 46, बँकेत अधिकारी, रजेच्या अर्जात कारण ‘कौटुंबिक’. आमच्याबरोबर माझा ऑफिसातला एक सहकारी होता, अस्सल बंगळुरूकर. मैदानात शिरेपर्यंत त्याने आपल्या शहराची रॉकची वंशावळ आम्हाला ऐकवली. सत्तरच्या दशकातला ‘ह्यूमन बाँडेज’ हा बँड, त्यातले ड्रमवाले रमेश शोथम पुढे जर्मनीला कसे गेले, दर 15 ऑगस्टला होणारा ‘फ्रीडम जॅम’. मग त्याने सहज, काही कुत्सितपणा न ठेवता विचारलं, ‘‘तुम्हा मराठी लोकांत कोण? नाट्यसंगीत सोडून?’’

दादा म्हणाला, ‘‘नंदू भेंडे.’’

सहकाऱ्याने नाव ऐकलं नव्हतं. त्यात त्याची काही चूक नव्हती. दादा पुढे काही बोलला नाही, आणि थोड्याच वेळात गिटारींच्या आवाजात बोलणं शक्यही राहिलं नाही. पण परतताना रिक्षात तो एवढंच म्हणाला की, सांगायला हवं होतं. तेव्हा राहिलेलं ते सांगणं मी इथे करतो आहे.

नंदू भेंडे हे आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव. मराठी नाटकाशी ज्याचा संबंध आहे त्याला यापुढे ओळख लागत नाही. बबन प्रभूंचे फार्स, ‘झोपी गेलेला जागा झाला’, ‘दिनूच्या सासूबाई राधाबाई’, आणि त्यांत बबन प्रभूंच्या जोडीला आत्माराम भेंडे, हे आमच्या वडिलांच्या पिढीचं हसण्याचं खातं होतं. आशाताई माहेरच्या लिली इझिकेल, बेने इस्रायली, इंग्रजीत लिहिणारे कवी निस्सीम इझिकेल यांची बहीण. रंगभूमीवर नटी आणि रंगभूमीबाहेर लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासक; तारा कानिटकरांबरोबर त्यांनी लिहिलेलं त्या विषयाचं पाठ्यपुस्तक अनेक वर्षं विद्यार्थ्यांच्या हातात होतं. बेने इस्रायली समाज कोकणात शतकानुशतकं राहिलेला, घरात मराठी बोलणारा. एकोणिसाव्या शतकात या मंडळींनी बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं रचली आणि आपल्यासारखीच उभं राहून, टाळ-मृदंगाच्या साथीने केली. म्हणजे परक्या वाटणाऱ्या गोष्टीला ओळखीचा सूर लावण्याची सवय या घराला आईच्या बाजूनेही होती. वडिलांच्या बाजूची सवय तर नाटकाचीच होती, आणि तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

मुंबईत साठचं दशक संपताना इंग्रजी गाणाऱ्या बँडांचं पेव फुटलं होतं. ‘सिमला’ नावाच्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी कंपनीने बीट बँडांची देशभर स्पर्धा घेतली आणि 1970 व 1971 अशा दोन वर्षांच्या तबकड्याही निघाल्या. कुलाब्यात ‘स्लिप डिस्क’ नावाचा एक अंधारा अड्डा होता. तिथे लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट येऊन वाजवून गेले, ही हकीकत त्या काळचे लोक अजून सांगतात. नंदू भेंडे याच वातावरणातले. ‘वेल्व्हेट फॉग’ आणि नंतर ‘सॅव्हेज एन्काउंटर’ या बँडांत ते गायले. कलकत्त्याहून निघणारं ‘ज्युनियर स्टेट्समन’ हे साप्ताहिक या सगळ्या मुलांचं पंचांग होतं. पुण्यात आमच्या घरी ते येणं शक्यच नव्हतं. दादा ते एका मित्राकडे वाचत असे, आणि त्यात कुणा मराठी आडनावाचं दर्शन झालं की घरी येऊन मला सांगत असे. मी सात-आठ वर्षांचा. माझ्यापुढे बोललं तर घरात कळत नाही, हा त्याचा हिशोब.

दादाकडे ‘गिव्हसन’ची गिटार होती. अमेरिकन ‘गिब्सन’शी एका अक्षराचं अंतर ठेवून कलकत्त्यात बनणारी ही गिटार त्या पिढीतल्या किती मुलांनी हाताळली असेल, मोजदाद नाही. परदेशी गिटारवर जकात इतकी की एखादा पाहुणा विमानातून आणेल तरच. तारा मुंबईहून, धोबीतलावच्या फुर्टाडोजमधून यायच्या. एक तार तुटली की महिना सुना.

आमच्या अण्णांना गिटार आवडत नसे, असं म्हणणं अर्धवट होईल. त्यांना ती कळत नसे. त्यांच्याकडे पायपेटी नव्हती, हातपेटी होती, आणि नाट्यपदांची एक जाडजूड वही होती. एका रविवारी दादाने त्यांच्या पेटीजवळ गिटार घेऊन बसण्याचं धाडस केलं. म्हणाला, ‘‘अण्णा, गंधार वाजवा.’’ अण्णांनी शुद्ध गंधार दाबला. ‘‘आता कोमल.’’ तोही दाबला. मग दादाने गिटारची तार बोटाने किंचित ताणली आणि त्या दोन पट्ट्यांच्या मधला कुठला तरी सूर काढला, थांबला, पुन्हा काढला. ‘‘हा तुमच्या पेटीत नाही. ब्लूज म्हणजे हा.’’

दादाने सतराव्या वर्षी ब्लूजची केलेली ही व्याख्या आजही मला पुरते. अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या काळ्या माणसांच्या गाण्यात तिसरा सूर ना धड कोमल ना धड शुद्ध असा राहिला, आणि तोच त्या गाण्याचा प्राण झाला. रचना अगदी साधी: चार मात्रांच्या बारा खंडांचं एक आवर्तन, त्यात तीन ओळी, पहिली दोनदा आणि तिसरी तिला उत्तर देणारी. डब्ल्यू. सी. हँडी या बँडमास्तराने 1912 मध्ये ‘मेम्फिस ब्लूज’ छापलं आणि हे गाणं कागदावर आलं. त्याच मिसिसिपीतला जिमी रॉजर्स हा रेल्वेत काम केलेला गोरा माणूस 1927 पासून ब्लूजच्याच चालीवर कंठ उलटापालटा करत गाऊ लागला, आणि गोऱ्या खेडुतांच्या ‘कंट्री’ संगीताचा पहिला मोठा तारा ठरला. पुढे दोन्ही प्रवाह दुकानांत वेगवेगळ्या कप्प्यांत विकले गेले तरी मूळ गाव एकच. साठच्या दशकात बर्ड्ससारख्या बँडांनी कंट्री आणि रॉक पुन्हा एकत्र आणलं, आणि इंग्लंडमध्ये रोलिंग स्टोन्सने आपलं नावच मडी वॉटर्सच्या एका ब्लूजवरून घेतलं. मुंबईच्या मुलांकडे हे सगळं एकदम, क्रम न लावता, इंग्रज बँडांच्या तबकड्यांतून आलं.

अण्णांनी तो सूर तीनदा वाजवायला लावला. मग पेटीचा भाता मिटत म्हणाले, ‘‘दरबारीचा गंधार नव्हे हा. पण पेटीत न सापडणाऱ्यांपैकीच एक.’’ आकाशवाणीने 1940 पासून तीसेक वर्षं पेटीला बंदी केली होती ती याच कारणाने, की तिच्यात आपल्या श्रुती बसत नाहीत. अण्णांना त्या बंदीचा आयुष्यभर राग होता. त्यामुळे दादाचा मुद्दा त्यांना नेमका झोंबला आणि पटलाही. त्यानंतर गिटार माळ्यावरून खाली, कोपऱ्यात राहायला आली. परवानगी मिळाली असं मात्र कुणी कधी म्हणालं नाही.

1974 मध्ये अॅलेक पदमसींनी मुंबईत ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ केलं. टिम राइस आणि अँड्रू लॉइड वेबर यांची ही रॉक संगीतिका 1970 मध्ये आधी तबकडी म्हणून आली, मग ब्रॉडवेवर. पदमसींच्या प्रयोगात येशू झाले मधुकर चंद्र धस, आणि यहूदा झाले नंदू भेंडे. येशूचं चरित्र मराठीला नवं नव्हतं. फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापलं गेलं, आणि रेव्हरंड टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ आपल्या शाळेपर्यंत पोचलेलं होतं. नवी होती ती गोष्टीची बाजू. या संगीतिकेची सुरुवात यहूदा करतो, शंका तोच विचारतो, आणि मरणानंतर परत येऊन शेवटचा सवालही त्याचाच. येशूच्या वाट्याला वेदना आहे, यहूदाच्या वाट्याला वाद. गळ्याच्या दृष्टीनेही हाच भाग ब्लूजच्या घरातला आहे. खालून गुरगुरत सुरू होऊन वर किंकाळीपर्यंत जायचं, आणि किंकाळीतही सूर सोडायचा नाही. 1973 च्या चित्रपटात ही भूमिका कार्ल अँडरसन या काळ्या अमेरिकन गायकाने केली होती, ते उगाच नव्हे. ज्यू आईच्या मुलाने यहूदा करावा या योगायोगातून काही अर्थ काढावासा वाटतो, पण तो मोह मी टाळतो. गळा होता, म्हणून भूमिका मिळाली.

दादा सिंहगड एक्स्प्रेसच्या साध्या डब्यात बसून मुंबईला गेला आणि ते पाहून आला, असं मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलो. मग एकदा त्यानेच दुरुस्ती केली की गाडी कुठली ते त्याला आठवत नाही, आणि परत येताना पैसे नसल्याने तो एका ट्रकमधून आला. घरी त्याने मित्राच्या बहिणीचं लग्न सांगितलं होतं. अण्णांनी लग्नात काय काय होतं असं विचारलं तेव्हा त्याने खरं सांगून टाकलं. अण्णांची प्रतिक्रिया अनपेक्षित होती. ‘‘भेंड्यांचा मुलगा? आत्मारामचा? आणि तो इंग्रजीत ओरडतो?’’

चार वर्षांनी, 1978 मध्ये, तो मराठीत गायला, आणि अण्णा आम्हा दोघांना घेऊन स्वतः तिकिटं काढून गेले.

‘तीन पैशाचा तमाशा’ हे पु. ल. देशपांड्यांनी मराठीत आणलेलं ब्रेख्त आणि कुर्ट वाइलचं नाटक. मूळ जर्मन प्रयोग 1928 चा, बर्लिनमधला, आणि त्याच्याही मागे बरोबर दोनशे वर्षं जॉन गेचं इंग्रजी ‘बेगर्स ऑपेरा’. दिग्दर्शक जब्बार पटेल, संस्था पुण्याची थिएटर अकॅडमी. ‘घाशीराम’वरून झालेल्या वादानंतर 1973 मध्ये उभी राहिलेली ही मंडळी तेव्हा काहीही करून पाहायला तयार होती. जर्मन नाटकातला मॅक, म्हणजे सभ्य कपड्यांतला दरोडेखोर, मराठीत अंकुश झाला, आणि अंकुश झाले नंदू भेंडे. बरोबर माधुरी पुरंदरे, चंद्रकांत काळे, रवींद्र साठे अशी गाणारी माणसं.

मी बारा वर्षांचा होतो. नाटक मला निम्मंच कळलं असणार. पण एक गोष्ट कानात पक्की राहिली आहे. एका प्रवेशात तमाशाचा बाज, दुसऱ्यात नाट्यसंगीताची लाडिक थट्टा, आणि मग अंकुश रंगमंचावर आला की एकदम गिटार आणि ड्रमची भाषा. माझ्या एका हाताला दादा बसला होता, दुसऱ्या हाताला अण्णा. नाट्यपदाच्या थट्टेला अण्णा हसत होते. अंकुशच्या गाण्याला दादा पुढे झुकत होता. आणि एका गाण्यात दोघांचे पाय एकाच वेळी ठेका धरत होते, ते मी खाली वाकून पाहिलं. मध्यंतरात अण्णा म्हणाले, ‘‘पोरगा सुरात आहे.’’ आमच्या घरात याहून मोठी पदवी नव्हती.

याला ‘प्रयोग’ म्हणायची आपल्याकडे पद्धत पडली, जणू नाट्यसंगीत ही एक सोवळी वस्तू होती आणि 1978 मध्ये कुणीतरी तिला शिवलं. इथे कर्नाटकात इतकी वर्षं राहिल्यावर मला ते हास्यास्पद वाटतं. मराठी नाटकाचा जन्मच उसना. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभं केलं ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला, आणि 1880 च्या ‘शाकुंतला’त त्यांनी कानडी चाली मोकळ्या हाताने घेतल्या. 1911 च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-दादऱ्याची वळणं आणली, आणि टेंबे स्वतः पेटीवाले, म्हणजे फ्रेंच वाद्याचे वादक. 1966 मध्ये ‘लेकुरे उदंड जाहली’त अभिषेकीबुवांनी पाश्चात्त्य संगीतिकेचा बोलता-गाता ढंग आणला. जुन्या नाटकांची पुस्तकं उघडून पाहा: प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून ती कुठल्या गाण्यावरून घेतली ते छापलेलं असतं. लाज नव्हती, लपवाछपवीही नव्हती. मग त्याच रांगेत मिसिसिपीची चाल लंडनमार्गे, मुंबईमार्गे येऊन उभी राहिली तर त्यात आक्रीत काय?

त्याच वर्षी मुंबईत पहिली ‘जॅझ यात्रा’ झाली, सॉनी रोलिन्स येऊन वाजवून गेले. दादाला तेव्हा खरंच वाटत होतं की आता दार उघडलं.

दार उघडलं, पण दुसरीच मंडळी आत आली. ऐंशीच्या दशकाच्या तोंडावर डिस्को आलं. हॉटेलांतून आणि क्लबांतून बँडांची कामं कमी होत गेली. 1982 च्या ‘डिस्को डान्सर’मध्ये बप्पी लाहिरींच्या संगीतात नंदू भेंड्यांनी कृष्णाला पृथ्वीवर बोलावणारं गाणं गायलं, आणि ज्यांनी ‘सुपरस्टार’ किंवा ‘तमाशा’ यांचं नावही ऐकलं नाही अशा कोट्यवधी लोकांनी तो आवाज ऐकला, मालकाचं नाव न विचारता. आठ वर्षांत यहूदापासून कृष्णापर्यंत. पुढे जाहिराती आल्या, मालिकांचं संगीत आलं. याला कुणी उतरण म्हणत असेल तर मी म्हणणार नाही. गाऊन घर चालवणं हे या देशात रॉक गाणाऱ्याला फार थोड्यांना जमलं. मला खटकतं ते वेगळंच. अंकुशला मराठी प्रेक्षकाने डोक्यावर घेतलं, पण अंकुशचे कपडे उतरवल्यावर त्या गळ्याचं पुढे काय करायचं हे ना नाट्यसंस्थांना सुचलं, ना गाणी छापणाऱ्या कंपन्यांना. त्या वळणाचं दुसरं, तिसरं, दहावं नाटक लिहिलं गेलं असतं तर आज आपल्याकडे त्या गाण्याची एक परंपरा असती. एका नाटकाची परंपरा होत नाही, आठवण होते.

दादाने गिटार 1981 मध्ये विकली. बँकेत नोकरी लागल्यावर पहिली बदली परभणीला झाली. तिथे तारा मिळत नसत, असं कारण त्याने दिलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

नंदू भेंडे 11 एप्रिल 2014 रोजी मुंबईत गेले. सकाळी मी हेब्बाळच्या उड्डाणपुलाखाली वाहनांच्या गर्दीत अडकलेलो असताना दादाचा फोन आला. ‘‘नंदू गेला.’’ क्षणभर मला आमच्या आतेभावाची आठवण झाली, त्याचंही नाव नंदूच. इतक्या आपलेपणाने दादा कधीही न भेटलेल्या माणसाबद्दल बोलत होता. पुढच्या फेब्रुवारीत आत्माराम भेंडेही गेले.

चार वर्षांनी आमच्या हेब्बाळमध्येच एक शिळा लोकांसमोर आली. सुमारे 750 सालातली, गंग राजा श्रीपुरुषाच्या काळची, किट्टय्या नावाच्या वीराची. गावासाठी लढताना पडलेला हा माणूस, आणि त्याचं नाव साडेबाराशे वर्षं दगडावर टिकून राहिलेलं. घरापासून फार दूर नाही म्हणून मी आणि दादा दोघं मिळून त्याबद्दल वाचत बसलो होतो. दादा तेव्हा निवृत्त होऊन आला होता, कारण पुण्याची आमची इमारत पाडायची होती आणि अण्णांच्या वस्तूंचं काय करायचं ते ठरवायचं होतं. पेटी मी ठेवून घेतली. भात्याला दोन ठिकाणी भोकं पडली आहेत. गंधार मात्र दोन्ही वाजतात.

नाट्यपदांची वहीही त्या सामानात होती. अण्णांचं अक्षर टपोरं, निळी शाई, प्रत्येक पदाच्या डोक्यावर डावीकडे ‘चाल’ आणि पुढे मूळ गाण्याचं नाव. ‘शाकुंतल’, ‘सौभद्र’, ‘मानापमान’, ‘स्वयंवर’ अशी क्रमाने. शेवटून तिसऱ्या पानावर मात्र शाई काळी होती, अक्षर थोडं घाईचं, जणू ऐकून ऐकून उतरवलेलं, मधल्या दोन ओळी कोऱ्या सोडलेल्या. ते ‘तीन पैशाचा तमाशा’तलं अंकुशचं गाणं होतं. दादाने ते पान बराच वेळ धरून ठेवलं आणि मग वही माझ्यापुढे सरकवली.

डावीकडे वर अण्णांनी नेहमीसारखंच लिहिलं होतं: ‘चाल – भेंड्यांच्या मुलाची.’